गोबी (मत्स्यकुल)

गोबी हे मुख्यतः समुद्राच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांत राहणाऱ्या लहान माशांचे कुल आहे. त्याचे शास्त्रीय नाव गोबीइडी. व्यापक अर्थाने घेतल्यास या कुलात सुमारे २,००० जाती मोडतात आणि जगातील सर्वांत मोठ्या मत्स्यकुलांत त्याची गणना होते. बहुतेक जातींची लांबी १० सेंमी.पेक्षा कमी असते. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडले जाऊन झालेली वाटी ही या माशांची ठळक खूण होय. कोकणातील वाचकाला हे कुल दोन ओळखीच्या माशांमुळे जवळचे वाटेल. एक म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी, आणि दुसरा नदीच्या तळाशी वाळूच्या रंगात मिसळून बसणारा खरबा (खरपा).

नाव

गोबी हा शब्द ग्रीक ‘कोबिओस’ व त्यावरून आलेल्या लॅटिन ‘गोबियस’ या शब्दापासून बनला आहे. प्राचीन ग्रीक व रोमन लोक किनाऱ्यावरच्या लहानसहान माशांना या नावाने ओळखत. कार्ल लिनीअस याने १७५८ मध्ये ‘गोबियस’ ही प्रजाती नोंदवली आणि पुढे तिच्यावरूनच कुलाला नाव मिळाले. मंगोलियातील गोबीचे वाळवंट किंवा हिंदीतली फुलगोबी यांच्याशी या नावाचा काहीही संबंध नाही. शाळकरी विद्यार्थ्यांना मात्र हा प्रश्न हमखास पडतो.

मराठीत संपूर्ण कुलाला एक असे रूढ नाव नाही. कोळी, आगरी व भोई समाजांत ज्या जाती जाळ्यात येतात किंवा खाल्ल्या जातात त्यांनाच नावे आहेत. चिखलावर चालणाऱ्या जातींना निवटी, निवटा (अनेकवचन निवट्या, निवटे) असे सरसकट म्हटले जाते. खडकांतील डबक्यांत राहणाऱ्या, बोटभर लांबीच्याही नसलेल्या कितीतरी जातींना बाजारात किंमत नसल्याने बोलीत त्यांना वेगळे नाव क्वचितच मिळाले आहे.

वर्गीकरण

जुन्या पुस्तकांत हे कुल पर्सिफॉर्मीस गणात दिलेले आढळते. आता त्यासाठी गोबीफॉर्मीस हा स्वतंत्र गण मानतात. अलीकडील काही वर्गीकरणांत निवट्या व त्यांच्या जवळच्या प्रजाती गोबीइडी कुलातून काढून ऑक्सुडर्सिडी या वेगळ्या कुलात ठेवल्या आहेत. प्रस्तुत लेखात गोबी हा शब्द जुन्या, व्यापक अर्थानेच वापरला आहे, कारण शरीररचना व अधिवास या दोन्ही बाबतींत या माशांचा विचार एकत्र करणे सोयीचे जाते.

भारतातील जातींची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकात झाली. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवर लिहिलेल्या ग्रंथात खरब्याचे (ग्लॉसोगोबियस गियुरिस) वर्णन केले. पश्चिम किनाऱ्यावरील निवटीची एक प्रमुख जात, बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी, हिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८३७ मध्ये केले. सागरी सफरींतून माशांचे नमुने जमवणारा फ्रेंच व्यापारी डुसुमिए याचे नाव तिला दिले आहे. या कुलाच्या अभ्यासकांत जपानचे माजी सम्राट अकिहितो यांचाही समावेश होतो. गोबींच्या खांद्याच्या हाडावरील त्यांचा निबंध १९६३ मधला आहे, आणि एक्सिरिअस अकिहितो या जातीला त्यांचेच नाव दिलेले आहे.

शरीररचना

गोबीचे शरीर समजून घ्यायचे तर तो तळावर बसणारा मासा आहे हे आधी ध्यानात ठेवावे लागते. प्रौढ गोबींपैकी बहुतेकांना वाताशय (माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) नसतो किंवा तो अगदी खुरटलेला असतो. त्यामुळे पोहणे थांबवताच मासा तळाशी जातो. जो प्राणी सतत तळाला टेकलेला असतो त्याला लाटांनी व प्रवाहाने वाहून न जाण्याची सोय हवी. ती सोय श्रोणिपक्षांनी, म्हणजे पोटाखालच्या परांनी केलेली आहे. या प्रत्येक परात साधारणपणे एक काटा व पाच किरणे असतात. दोन्ही पर पातळ पडद्याने कडेला व पुढच्या बाजूला जोडले जाऊन वाटीसारखा अवयव तयार होतो. मासा दगडावर बसला की ही वाटी दगडाला चिकटते. काही जातींत ती अपुरी जुळलेली, तर काहींत पुन्हा दुभंगलेली असते. गोबींसारख्याच दिसणाऱ्या एलिओट्रिडी कुलातील माशांमध्ये हे पर वेगवेगळे राहतात. दोन कुलांमधला फरक प्रथमदर्शनी ओळखण्याचा हा सोपा उपाय आहे.

पाठीवर दोन पर असतात. पहिला आखूड असून त्याला लवचीक काटे असतात, बहुधा सहा. दुसरा लांब व मऊ किरणांचा असतो आणि साधारण त्याच्याच खाली गुदपक्ष असतो. शेपटीचा पर बहुतांशी गोलाकार असतो. दुभंगलेली, कात्रीसारखी शेपटी वेगाने लांब पोहणाऱ्या सुरमई-बांगड्यांना उपयोगी, पण गोबीला तिची गरज नाही. डोके रुंद, गाल फुगीर आणि डोळे माथ्याकडे सरकलेले असतात, त्यामुळे तळाशी बसूनही वरचे दिसते.

माशांच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी पार्श्विक रेखा दिसते, ती गोबींच्या धडावर नसते. पाण्यातील हालचाल जाणण्याचे काम डोक्यावरील सूक्ष्म नलिका, छिद्रे व बारीक पुटकुळ्यांच्या रांगा करतात. या रांगांची मांडणी जातीजातींत निराळी असल्याने वर्गीकरणात तिला फार महत्त्व आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रांगा मोजणे हे कंटाळवाणे काम वाटेल, पण एकाच रंगाच्या दोन गोबी जाती वेगळ्या करायला बरेचदा तोच एक मार्ग उरतो.

आकाराच्या बाबतीत हे कुल टोकाचे आहे. ट्रिमाटॉम नानस ही हिंदी व प्रशांत महासागरांतील जात सुमारे एक सेंटिमीटर लांबीतच प्रौढ होते. फिलिपाईन्समधील पांडाका पिग्मिया साधारण तेवढीच. उलट खरब्याची लांबी ५० सेंमी.पर्यंत नोंदलेली आहे, पण आपल्याकडे सापडणारे खरबे सहसा याहून बरेच लहान असतात. आयुष्यही तसेच अल्प असू शकते. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवरील एव्हिओटा सिजिलाटा या गोबीचे आयुर्मान जास्तीत जास्त ५९ दिवसांचे आढळले. ज्ञात पृष्ठवंशी प्राण्यांत हे सर्वांत कमी आयुर्मानांपैकी एक मानले जाते. अंड्यातून बाहेर येणे, वाढणे, जोडीदार मिळवणे आणि मरणे हे सारे त्या दोन महिन्यांत उरकते.

अधिवास

ध्रुवीय प्रदेश व खोल महासागर वगळता जवळजवळ सर्वत्र गोबी आढळतात. त्यांचा खरा मुलूख मात्र उष्ण कटिबंधातील किनारा हाच आहे.

प्रवाळभित्तीवर त्यांच्या जातींची संख्या सर्वाधिक असते. तेथील काही गोबी आंधळ्यागत वावरणाऱ्या कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते व साफ ठेवते. मासा दाराशी पहारा देतो. कोळंबीची मिशी माशाच्या अंगाला सतत टेकलेली असते आणि शत्रू दिसताच माशाने शेपटी थरथरवली की दोघेही आत जातात. कॅरिबियन समुद्रातील काही गोबी मोठ्या माशांच्या अंगावरील परोपजीवी खाऊन गुजराण करतात.

खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीनंतर उरणाऱ्या डबक्यांत बॅथिगोबियस प्रजातीचे तपकिरी गोबी राहतात. कोकणात असे किनारे अनेक आहेत. याच प्रजातीच्या अटलांटिक महासागरातील एका जातीवर लेस्टर ॲरॉन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत (१९५१). डिवचल्यावर हा मासा एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात अचूक उडी मारतो, जरी उडी मारताना पुढचे डबके त्याला दिसत नसले तरी. भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना तो खोलगट जागांची ठेवण लक्षात ठेवतो, असा निष्कर्ष यातून निघाला.

गोड्या पाण्यातील गोबींचे मूळ समुद्रातच आहे, आणि त्यांपैकी अनेकांचे समुद्राशी नाते तुटलेले नाही. सिसिओप्टेरस प्रजातीचे मासे डोंगरी ओढ्यांत अंडी घालतात, पिल्ले वाहत समुद्रात जातात आणि वाढल्यावर पुन्हा नदी चढून येतात. हवाई बेटांवरील एक जात तर तोंड व पोटावरची वाटी आळीपाळीने खडकाला चिकटवत धबधबे चढते. दक्षिण भारतातही या प्रजातीची जात आहे.

सावित्रीच्या खाडीतील गोबी

एकाच नदीत गोबींचे अधिवास कसे बदलत जातात हे पाहण्यास रायगड जिल्ह्यातील सावित्री नदी सोयीची आहे. ती महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, पोलादपूरवरून खडकाळ पात्रातून उतरते, महाडच्या सखल भागात येऊन गांधारी व काळ या नद्यांचे पाणी घेते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते.

समुद्रापासून इतक्या आत असूनही महाड हे एकेकाळी बंदर होते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते व मचवे बाणकोटहून वर येत. महाडजवळचे दासगाव हे बंदर तर विसाव्या शतकातही वापरात होते. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईहून जलमार्गाने निघून दासगावलाच उतरले होते. या ऐतिहासिक तपशिलात भूगोलाचाही धडा आहे. महाड शहराच्या मधोमध असलेले चवदार तळे गोड्या पाण्याचे. त्याचे नावच पाण्याच्या चवीवरून पडलेले. त्यापासून काही किलोमीटरवर दासगावला मात्र समुद्राची भरती-ओहोटी पोचते. खरबा या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहू शकतो. निवटीला मात्र भरतीने भिजणारा आणि ओहोटीने उघडा पडणारा चिखलच लागतो. तळ्यासारख्या बंदिस्त गोड्या पाण्यात तिला थारा नाही.

दासगावच्या खाली नदीची खाडी होते. आंबेत व म्हाप्रळ ही गावे समोरासमोर असलेल्या टप्प्यात तिचे पात्र बरेच रुंदावते. दोन्ही काठांना तिवरांची (कांदळवनांची) झाडी व तिच्यापुढे उघड्या चिखलाचे पट्टे आहेत. येथील पाण्याची खारटी वर्षभर एकसारखी राहत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला काही वाटा सावित्रीत उतरतो. पावसाळ्यात त्यामुळे खाडी जवळजवळ गोडी होते. उन्हाळ्यात नदी आटते आणि खारे पाणी वर सरकते. एवढा फेरबदल सोसणारे मासे थोडे, आणि गोबी त्यांत अग्रभागी आहेत. कोकणातील इतर खाड्यांप्रमाणे येथेही निवट्या व खरबे हेच त्यांचे परिचित प्रतिनिधी होत.

खाडीच्या मऊ गाळात याच गटातील आणखी एक मासा राहतो, ट्रायपॉकेन. तो गुलाबी-लालसर, वामेसारखा लांबट असतो आणि त्याचे बारीक डोळे कातडीखाली जवळजवळ लपलेले असतात. आयुष्य गाळात पुरून घेऊन काढणाऱ्याला डोळ्यांचे काम नाही. त्याच चिखलाच्या पृष्ठावर राहणाऱ्या निवटीचे डोळे मात्र बेडकासारखे डोक्याच्या वर आलेले असतात.

निवटी

निवट्या हा गोबींचा सर्वांत विलक्षण गट. मासा असूनही त्या दिवसाचा बराच वेळ पाण्याबाहेर काढतात.

त्यांच्या शरीरातील प्रत्येक बदल या सवयीशी जोडलेला आहे. अंसपक्षांचे (छातीकडील परांचे) बुंधे जाड व स्नायुयुक्त असून त्यांना कोपरासारखा सांधा असतो. दोन्ही पर एकदम पुढे टाकून त्यांवर अंग ओढून घेण्याची त्यांची चाल कुबड्यांवर चालणाऱ्या माणसासारखी दिसते. घाई असेल तेव्हा शेपटी वळवून झटका देतात व उडी घेतात. डोळे बाहेर आलेले असल्याने कोरडे पडण्याचा धोका असतो. त्यासाठी त्या अधूनमधून डोळे खालच्या ओलसर खाचेत ओढून घेतात. हवेत श्वसन मुख्यतः ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातून होते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी व हवा धरून ठेवता येते. त्वचा ओली राहिली नाही तर निवटी गुदमरते, म्हणून ती मधूनच कुशीवर लोळून अंगाला चिखलपाणी लावून घेते.

आपल्या किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे दोन तऱ्हेच्या निवट्या आढळतात. बोलिओफ्थॅल्मस प्रजातीच्या निवट्या मोठ्या, सुमारे वीतभर लांब, अंगावर निळसर ठिपके असलेल्या असतात. पाठीचा पहिला पर शिडासारखा उभारून नर एकमेकांना आव्हान देतात. त्यांच्या खालच्या जबड्यातील दात आडवे असतात. डोके डावी-उजवीकडे हलवत त्या चिखलाच्या पृष्ठावरील डायटमांचा (सूक्ष्म शैवलांचा) थर खरवडून खातात. गाईने कुरणात चरावे तसा हा प्रकार आहे. पेरिऑफ्थॅल्मस प्रजातीच्या निवट्या लहान व मांसाहारी असून त्या किडे, लहान खेकडे व कृमी पकडतात. पोटावरच्या वाटीने त्या तिवरांच्या मुळांवरही चढून बसतात. जमिनीवर भक्ष्य गिळायला जीभ लागते आणि माशाला तशी जीभ नाही. निवटी तोंडातले पाणी किंचित पुढे काढून भक्ष्य त्यात घेते व पाण्यासकट आत ओढते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

भरती आली की बहुतेक निवट्या बिळात शिरतात. इंग्रजी यू, वाय किंवा जे अक्षरांसारखी ही बिळे चिखलात खोल जातात. आतल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मग तेथे अंडी जगतात कशी, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. जपानी शास्त्रज्ञ अत्सुशी इशिमात्सु व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. पेरिऑफ्थॅल्मस मॉडेस्टस या जातीचा नर ओहोटीच्या वेळी तोंडात हवा भरून घेतो व बिळातल्या वरच्या बाजूला असलेल्या कोठडीत नेऊन सोडतो. अंडी या कोठडीच्या छताला चिकटवलेली असतात; ती पाण्यात न बुडता हवेतच वाढतात. पूर्ण वाढ झाल्यावर नर रात्रीच्या भरतीला तीच हवा तोंडाने बाहेर नेऊन टाकतो. कोठडीत पाणी भरते, अंडी फुटतात आणि पिल्ले भरतीच्या पाण्यात निघून जातात.

इतर गोबींमध्येही अंड्यांची राखण बहुधा नरच करतो. दगडाची कपार, शिंपला किंवा बिळाचे छत निवडून मादी तेथे अंडी चिकटवते व नर परांनी त्यांना वारा घालतो. प्रवाळात राहणाऱ्या गोबिओडॉनसारख्या प्रजातींत लिंगबदल आढळतो, तोही दोन्ही दिशांनी. प्रवाळाच्या एका फांदीत सोबती मिळणे दुर्मीळ असल्यामुळे हा गुण टिकला असावा, असे मानले जाते.

माणसाशी संबंध

निवटी हे रायगड, ठाणे व मुंबईच्या खाडीकाठचे आवडते खाणे आहे. ओहोटीला चिखलात उतरून, बिळात हात घालून निवट्या धरतात. गुडघाभर चिखलातले हे काम सोपे नव्हे. बिळाला दुसरे तोंड असते आणि मासा तिकडून निसटतो. बाजारात त्या बहुधा जिवंतच विकल्या जातात. अंग फार बुळबुळीत असल्याने साफ करताना राख किंवा मीठ चोळण्याची रीत आहे. खरब्याचे मांसही खाल्ले जाते. खाडीकाठच्या कुटुंबांना होडी, जाळे किंवा डिझेल यांवाचून मिळणारे हे अन्न आहे, त्यामुळे मासळीबाजाराच्या उलाढालीवरून त्याचे महत्त्व मोजता येत नाही.

अधिवासाला धोके

निवटीचा चिखल वरून पाहणाऱ्याला ओसाड दिसतो, आणि ओसाड जमीन ‘उपयोगात आणण्याची’ इच्छा माणसाला फार जुनी आहे. कोकणात खाडीकाठी बांध घालून व उघाड्या बसवून खारजमिनी भातशेतीखाली आणण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम लागू आहे. बांधाच्या आत भरतीचे पाणी येत नाही, तेथून निवटी हद्दपार होते. अलीकडे भराव, रस्ते व बंदरे यांची भर पडली आहे. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्बंध घातले आणि २०१२ पासून राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टेही अतिसंवेदनशील क्षेत्रात धरले आहेत. तरी झाड तोडलेले चटकन दिसते, चिखल बुजवलेला दिसत नाही. उघड्या चिखलावर तिवरे लावण्याचा उत्साहही बोलिओफ्थॅल्मसला अडचणीचा ठरू शकतो, कारण तिचे कुरण सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या शैवलाचे असते.

असा बदल किती झपाट्याने होतो याचे उदाहरण जपानमधील इसाहाया उपसागराचे आहे. तेथे सुमारे सात किलोमीटरचा बांध घालून एप्रिल १९९७ मध्ये भरतीचे पाणी तोडले गेले. मागचे विस्तीर्ण चिखलपट्टे वाळले. ‘मुत्सुगोरो’ या नावाने ओळखली जाणारी तेथील निवटी त्या वादाचे प्रतीक बनली.

सावित्री खाडीचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठच्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. निवटी चिखल खरवडून खाते व त्वचेतून श्वास घेते, त्यामुळे गाळात साठलेले जड धातू तिच्या शरीरात उतरतात; प्रदूषणाची निदर्शक जात म्हणून निवट्यांचा अभ्यास अनेक देशांत केला जातो तो याचसाठी. दुसरा प्रश्न वाळूउपशाचा व तिसरा गाळाचा. जुलै २०२१ च्या महापुराने महाड शहर बुडाले, तेव्हा पात्रात साठलेला गाळ हे पुराचे एक कारण म्हणून पुढे आले आणि सावित्री, गांधारी व काळ यांच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पुरात घर गमावलेल्या माणसाला गाळ काढू नका असे सांगता येणार नाही. परंतु शहरालगतच्या नदीपात्रातला, प्रवाह अडवणारा गाळ आणि दासगावच्या खालच्या खाडीतले भरतीचे चिखलपट्टे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उपसलेला गाळ खाडीकाठच्या अशाच पट्ट्यांवर किंवा तिवरांत टाकला गेला, तर बिळे व त्यांतली अंडी त्याखाली गाडली जातात.